‘डिलॅपिडेटेड’ इमारतीला मराठीत काय म्हणावे?

‘डिलॅपिडेटेड’ या इंग्रजी विशेषणासाठी जीर्ण, पडकी, ओसाड, धोकादायक असे शब्द सर्रास वापरले जातात. पण माझ्या मते त्याच्या अर्थाशी खऱ्या अर्थाने जुळतो तो ‘मोडकळीस आलेली’ हाच प्रयोग.

या शब्दाच्या मुळाशी दगड या अर्थाचा ‘लापिस’ हा लॅटिन शब्द आहे, मात्र त्यावरून बनलेल्या क्रियापदाचा लॅटिनमधला रूढ अर्थ उधळपट्टी करणे असा होता. हातची मिळकत निष्काळजीपणाने वाया घालवण्याची ही छटा इंग्रजीत आजही पुरती गेलेली नाही, कारण ब्रिटनमध्ये भाडेकराराच्या अटींप्रमाणे डागडुजी न केल्याबद्दल भाडेकरूवर जी जबाबदारी येते, तिला ‘डिलॅपिडेशन्स’ असेच म्हणतात. म्हणजे या विशेषणात वयापेक्षा हेळसांड महत्त्वाची. ‘जीर्ण’ इथेच कमी पडतो. जरा आणि जर्जर यांच्याच धातूपासून आलेला हा शब्द वय सांगतो (अन्न जिरते आणि अजीर्ण होते तेही याच धातूमुळे), शिवाय पोथी, वस्त्र, देऊळ यांच्या सहवासाने त्याला एक अदबही आलेली आहे. तीस वर्षांतच गिलावा सुटून सळया उघड्या पडलेल्या सोसायटीला जीर्ण म्हणणे म्हणजे तिचा उगाच मान राखणे होय.

गिरगावातली एखादी जुनी चाळ डोळ्यांसमोर आणावी. सज्जाखाली लाकडी टेकू दिलेले आहेत, जिन्याचा कठडा सुतळीने बांधलेला आहे, सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यातून पिंपळ फुटलेला आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दांडीवर मात्र सकाळी धुतलेले कपडे वाळत आहेत. ही चाळ डिलॅपिडेटेड आहे, पण ओसाड नाही, कारण ओसाड होण्यासाठी माणसांनी पाठ फिरवावी लागते, आणि त्यासाठी इंग्रजीत ‘डेरेलिक्ट’ हा वेगळा शब्द आहे, जो खलाशांनी सोडून दिलेल्या जहाजालाही लागतो. ती पडकीही नाही. पडक्या वाड्याचे काही ना काही पडून गेलेले असते, तर मोडकळीस आलेल्या घराचे पडणे अजून चालू असते.

‘धोकादायक’ हा पालिकेचा शब्द. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 354 खाली नोटीस लागते किंवा इमारत ‘सी-1’ म्हणजे अतिधोकादायक ठरते, तेव्हा प्रश्न ती रिकामी करण्याचा असतो, तिच्या रूपाचा नसतो.

‘रॅमशॅकल’ या जवळच्या इंग्रजी शब्दाला मी खिळखिळा म्हणेन, तो झोपडीला चालतो तसा एसटीच्या गाडीलाही चालतो. एक फरक मात्र अनुवादकाने लक्षात ठेवावा: मराठीत साखर कारखाना मोडकळीस येतो, बँक येते, संसारही येतो, पण संसाराला ‘डिलॅपिडेटेड’ म्हटले तर इंग्रजी वाचक छपराकडे पाहू लागेल.