मांडीला पट्टा आवळून सायकल: यवतेश्वर घाटासाठी उपयोग होईल का?

प्रश्न: पोवई नाक्यावरून निघून यवतेश्वर चढतो. दम पुरतो, पण वरच्या वळणांवर मांड्या भरून येतात. गुडघा दुखरा, जड स्क्वॉट जमत नाहीत. जिममधला एकजण मांडीला पट्टे बांधून ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) हळू पेडल मारतो. करू का?

फिजिओ, सातारा: दादा, तुमच्या गुडघ्यासाठी विचार करण्यासारखं आहे. जपानच्या योशिआकी सातो यांची ही पद्धत. पट्ट्यामुळे शिरांतून परतणारं रक्त अडतं, धमनीतलं थोडं येत राहतं. स्नायूत ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून हलक्या वजनालाही जास्त तंतू कामाला लागतात. कमाल ताकदीच्या 20-30 टक्के वजन पुरतं. दाब मात्र डॉप्लरने (रक्तप्रवाह तपासणाऱ्या यंत्राने) मोजून, धमनी पूर्ण बंद करणाऱ्या दाबाच्या 40 ते 80 टक्के. सायकलची ट्यूब किंवा ओढणी आवळू नका, कळकळीने सांगते!

कासकर: मुरलेल्या सायकलपटूंवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. घाटाची तयारी घाटातच होते, हे माझं ठाम मत. पट्टा जोडीला ठेवा, आणि फक्त ट्रेनरवर. रस्त्यावर नकोच.

प्रश्नकर्ता: ताई, पोटरीवर फुगलेल्या नसा आहेत. चालेल?

फिजिओ, सातारा: आधी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी झाली असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल, तरी पट्टा नाही.