'सेट' या एका शब्दाला अर्थ तरी किती? आईला शिकवताना अडलोय, मदत हवी

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, महालात राहतो. आई ६२ वर्षांची. रात्री भांडी आटोपली की तासभर माझ्याकडे इंग्रजी शिकते. तिच्या वहीत एका शब्दाला एक ओळ, असा तिचाच नियम. 'सेट'नं मात्र अख्खं पान खाल्लं: गजर लावणे, पानं मांडणे, पेपर काढणे, हाड बसवणे, दही लागणे, सूर्य मावळणे, वर कपबशांचा सेट. काल पेन खाली ठेवून म्हणाली, "काहून रे बाबू, इंग्रजांकडे शब्दांचा दुष्काळ पडला होता का?"

त्यात भूतकाळातही 'सेट'च. सगळ्यांना बांधणारा एखादा धागा आहे का, की घोकायचंच?

प्रतिसाद १:
भाऊ, घोकू नका. 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे बसवणे. सेट हे सिटचं प्रयोजक रूप, नातं अगदी आपल्यासारखंच. आमचं दुकान इतवारीत, सराफा ओळीत. अंगठीत खडा बसवतो, त्यालाही इंग्रजीत सेटच. हाड, गजर, पेपर, सगळं जागेवर बसवणंच. दही आणि सूर्य आपले आपणच बसतात, तिथं बसवणारा गळाला. 'सिट'चं मूळ आणि 'सभासद'मधला 'सद्' एकाच घरचे.

कपबशांचा सेट मात्र वेगळा. तो फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे पंथ, अनुयायांचा गट. पुढे दोघं एकमेकांत मिसळले. आईंना सांगा, थकणं साहजिक आहे: ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'चीच होती, ४३० अर्थांची. पुढे 'रन'नं त्याला मागे टाकलं.

प्रतिसाद २:
आणि "पोरगा पुण्याला सेट झाला" हे वहीत लिहू नका. ते आपलं मराठी. इंग्रजीत तिथं 'सेटल' लागतं.

मूळ लेखक:
दोघांचेही आभार. आईनं पानभर खोडून वर ठळक 'बसवणे' लिहिलं. पण 'सेट द टेबल'शी पुन्हा थांबली: "टेबल कुठं बसवायचा? आपण तर खालीच बसतो जेवाले." यावर मी गप्प. आता 'सेट आउट' म्हणजे निघणे, हे बसवण्यात कसं बसवू, तेवढं सांगा. उद्या रात्री तोच धडा आहे.