मागचे टायर आधी बघा

‘वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि गाडी मागून फिरली, म्हणजे मिड-इंजिन गाड्या (इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे असलेल्या) मुळातच धोकादायक’ असा निष्कर्ष एकाने आपल्या एमआर-टूच्या अनुभवावरून काढला; तो मला अर्धाच पटला. टोयोटा एमआर-टूची दुसरी पिढी (एसडब्ल्यू-२०, १९८९ पासून) याबाबतीत बदनाम आहेच. वजन मधोमध एकवटलेलं, त्यामुळे नाक झटकन वळतं. पण मागचं टोक सुटलं की तेही तितक्याच झटकन जातं. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला की भार पुढे सरकतो, मागची चाकं नेमकी हवी तेव्हा हलकी होतात. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवायचा आणि वळणभर पाय हलका पण स्थिर ठेवायचा. मागचं घसरू लागलंच, तर घाबरून पाय उचलणं हा सगळ्यात वाईट उपाय.

मात्र फिरलेली ती एमआर-टू कोणत्या वर्षाची, हे कोणी विचारलंच नाही! सुरुवातीच्या गाड्यांना १४ इंची चाकं होती, पुढे १९५ आणि मागे २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर. नंतर (अमेरिकेत १९९३ च्या मॉडेलपासून) मागच्या सस्पेन्शनची भूमिती बदलली, चाकं १५ इंची झाली आणि मागचे टायर थेट २२५ चे. जुन्या गाडीवर कोणी हौसेने चारही टायर एकाच मापाचे चढवले असतील, किंवा मागचा टो-इन (चाकांचा किंचित आत वळलेला कोन) बिघडून चाकं किंचित बाहेर बघत असतील, तर दोष इंजिनाच्या जागेला कशाला? टायर कधी बनला ते सांगणारा, त्याच्या कडेवरचा चार आकडी कोडही वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. अशा गाड्या फिरतात कमी, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मात्र दगड झालेलं, हे नेहमीचंच.