हलकी अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक घ्यायची आहे, सल्ला हवा

हॅरोहून

नमस्कार मंडळी,

या उन्हाळ्यापासून ऑफिसला सायकलने जायचं ठरवलं आहे. हॅरो ते किंग्ज क्रॉस, एका बाजूला साधारण १८ किलोमीटर. जमलं तर रविवारी आपल्या सायकल गटाबरोबर रिचमंड पार्कलाही यायचं आहे. सध्याची हायब्रिड १४ किलोची आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली ठेवली तर चोरीला जाईल अशी परिस्थिती. म्हणजे रोज दोनदा जिन्यातून उचलून न्यायची. म्हणून हलकी हवी.

बजेट १,४०० पौंड. एका दुकानात गेले होते, ते म्हणाले, हलकी हवी तर कार्बनच घ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या भानगडीत पडू नका. ते कितपत खरं? माझी उंची १६० सेंटीमीटर, वजन ५६ किलो. ऑफिसच्या सायकल टू वर्क योजनेतून घेतली तर फायदा होतो का, तेही कोणी सांगेल का?

किंग्स्टनहून

नमस्कार,

दुकानदाराचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी धातूंमध्येच झाली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, आणि ताठपणाही साधारण एक तृतीयांशच. म्हणजे पोलादाच्याच मापाची नळी अ‍ॅल्युमिनियमची केली तर ती हलकी होईल, पण पेडलवर जोर दिला की वाकेल. नळीचा व्यास वाढवला की मात्र ताठपणा झपाट्याने वाढतो आणि वजन तेवढं वाढत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत गॅरी क्लाइनने एमआयटीत शिकत असताना हेच धरून जाड नळ्यांच्या सायकली बनवायला सुरुवात केली. १९८३मध्ये कॅननडेल कंपनी त्याच वाटेने गेली. त्या जुन्या सायकली ताठ होत्या, टायर २० ते २३ मिलिमीटरचे असायचे, हवा दगडासारखी भरलेली. हाडं खिळखिळी करणारी सायकल ही अ‍ॅल्युमिनियमची बदनामी तेव्हाची आहे.

आता नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. द्रवाच्या दाबाने त्यांना हवा तो आकार देता येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचा धातू मऊ पडतो, म्हणून ६०६१ जातीच्या मिश्रधातूची फ्रेम जोडून झाल्यावर सबंध फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवतात, झटकन थंड करतात आणि मग १७५ अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. तेव्हा तिची ताकद परत येते. उत्तम अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आज १,१०० ते १,२०० ग्रॅमची मिळते. बजेटमधल्या कार्बन फ्रेमचं वजन कित्येकदा याच्या आसपासच असतं, आणि त्या किमतीत बसवण्यासाठी कंपनी चाकं, टायर आणि गिअर कमी दर्जाचे लावते. १९९८ची टूर द फ्रान्स मार्को पंतानीने अ‍ॅल्युमिनियमच्या बियांकीवरच जिंकली होती.

आता वजनाचा प्रत्यक्ष परिणाम बघू. सरेतल्या बॉक्स हिल टेकडीचा झिगझॅग रस्ता अडीच किलोमीटरचा, चढ सरासरी ५ टक्के, म्हणजे उंची साधारण १२० मीटर. सायकल आणि माणूस मिळून ८५ किलो धरले आणि पायांतून २०० वॅट निघत असले, तर वर जायला दहा मिनिटं आणि थोडी सेकंदं लागतात. सायकल पूर्ण १ किलोने हलकी केली तर सहा-सात सेकंद वाचतात. हॅरो ते किंग्ज क्रॉस रस्त्यावर एवढे सेकंद एका सिग्नललाच जातात. तुमचं वजन कमी आहे, त्यामुळे तुम्हाला फरक थोडा अधिक जाणवेल, पण फार नाही.

जिन्याचा प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तर वेगळं. चांगलं जाड डी-लॉक दीड किलोच्या आसपास असतं. ते ऑफिसच्या स्टँडलाच अडकवून ठेवा, घरी आणूच नका. पाण्याची बाटली वर येण्याआधी रिकामी करा. ९ ते १० किलोची सायकल तुमच्या बजेटमध्ये सहज येते. म्हणजे आताच्या हायब्रिडपेक्षा ४ किलो तरी कमी, आणि खांद्यावर तोलायला रोड बाइकची फ्रेम सोयीची.

बघायच्या सायकली: स्पेशलाइज्ड अ‍ॅले आणि ट्रेक डोमाने एएल. बजेट थोडं ताणलं आणि सेल लागला तर कॅननडेल कॅड १३. तिन्हींना मडगार्ड बसवायची सोय आहे आणि पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) कार्बनचा आहे. लंडनच्या पावसात मडगार्ड नसलेली सायकल ऑफिसला न्यायची म्हणजे पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन मीटिंगला बसायचं. घेण्याआधी मडगार्डची भोकं आणि निदान ३० मिलिमीटर टायरची जागा, या दोन गोष्टी स्वतः डोळ्यांनी बघा. गिअरचं नाव काहीही असो, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा किंवा १०५, पुढच्या लहान चकतीला ३४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ३२ किंवा ३४ दात असले की कुठलाही चढ बसून चढता येतो.

स्लाउहून

काका, सगळं मान्य, फक्त नव्याचा हट्ट का? १,४०० पौंडांत नवी डिस्क ब्रेकवाली घेतली तर ती साडेनऊ-दहा किलोची मिळणार. त्याच्या निम्म्या पैशांत सेकंडहँड कॅड १० किंवा कॅड १२ मिळते, रिम ब्रेकची (चाकाच्या कडेलाच पकडणारा ब्रेक), १०५ गिअर लावलेली, ८ किलोच्या आसपास. जिना चढायचा असेल तर दोन किलो हा मोठाच फरक आहे की! डिस्क ब्रेकमुळे सायकलीचं अर्धा किलो वजन उगाच वाढतं. फ्रेम नंबर घेऊन बाइकरजिस्टरवर तपासायचा, चोरीची नाही ना बघायचं आणि घेऊन टाकायची. आमच्या भागात अशा सायकली नुसत्या गॅरेजमध्ये पडून असतात.

रेडिंगहून

स्लाउच्या दादांचा मुद्दा रविवारच्या सायकलीसाठी शंभर टक्के बरोबर आहे. रोज ऑफिसला जायच्या सायकलीसाठी मला तो पटत नाही. नोव्हेंबर ते मार्च ओल्या रस्त्यावर रिम ब्रेक दाबला की पहिला क्षणभर तो फक्त पाणी पुसतो, नंतर पकड घेतो. रस्त्यावरची वाळू ब्रेक पॅडमध्ये बसते आणि रिम घासून पातळ करते. बसच्या मागे असताना तो पहिला क्षण मला फार महाग वाटतो.

पण मला मुख्यतः मापाबद्दल बोलायचं आहे, कारण माझी उंचीही जवळपास तेवढीच आहे आणि या विषयावर दुकानात कोणी नीट बोलत नाही. १६० सेंटीमीटरला बहुतेक कंपन्यांची ४९ ते ५१ची फ्रेम बसते, पण आकड्यावर जाऊ नका, प्रत्येकीचं मोजमाप वेगळं. कंपनीच्या तक्त्यात स्टॅक आणि रीच हे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे हँडल किती उंच, दुसरा म्हणजे ते किती लांब. ते शेजारी-शेजारी ठेवून बघा. दुकानात मोठी फ्रेम शिल्लक असते म्हणून "स्टेम आखूड करून देतो" म्हणतात (स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा). थोड्या फरकासाठी ते ठीक आहे, पण एक माप मोठी फ्रेम स्टेमने लहान होत नाही. हात ताणले जातात, मान दुखते, आणि मग सायकल कोपऱ्यात उभी राहते.

आणखी तीन गोष्टी मागून घ्या. क्रँक, म्हणजे पेडल बसतं तो दांडा, १६५ मिलिमीटरचा आहे का. ब्रेकचा खटका बोटांच्या जवळ आणता येतो का, लहान हातांना हे फार महत्त्वाचं आहे. आणि हँडलची रुंदी खांद्यांइतकी आहे का, आपल्याला ३८ सेंटीमीटर पुरतं. छोट्या फ्रेमवर हळू वळताना पायाचं बोट पुढच्या चाकाला लागतं का तेही बघा, मडगार्ड लावल्यावर ते आणखी लागतं. सीट बदलून द्या म्हणायला लाजू नका. नवीन सायकल घेताना बरीच दुकानं बदलून देतात.

क्रॉयडनहून

मी एचआरमध्ये आहे, सायकल टू वर्कचं काम माझ्याकडेच असतं, म्हणून तेवढंच सांगते.

पगारातून रक्कम कर कापण्याआधी वळती होते. मूळ कर २० टक्के आणि नॅशनल इन्शुरन्स ८ टक्के भरत असाल तर २८ टक्के वाचतात. ४० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर इन्शुरन्स २ टक्के, म्हणून ४२ टक्के. १,४०० पौंडांची सायकल पहिल्या टप्प्यात १,००८ला पडते, दुसऱ्यात ८१२ला. जाहिरातीत एवढंच लिहिलेलं असतं. पुढचं कोणी सांगत नाही: हप्ते चालू असताना सायकल तुमची नसते, भाड्याची असते. एका वर्षानंतर लगेच विकत घेतली तर ५००च्या वरच्या सायकलीची किंमत कर खात्याच्या तक्त्याप्रमाणे मूळच्या २५ टक्के धरतात. म्हणून बहुतेक लोक ७ टक्के भरून भाड्याची मुदत वाढवून घेतात. तुमच्या बाबतीत ते ९८ पौंड. म्हणजे खरी बचत २१ किंवा ३५ टक्के. तरीही उत्तमच.

दोन अटी लक्षात ठेवा. नोकरी मध्येच सोडली तर उरलेली रक्कम हातात येणाऱ्या पगारातून कापतात, त्यावर करसवलत नाही. आणि वळती करून उरणारा पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. काही दुकानं सेलमधली सायकल योजनेत देत नाहीत, कारण योजना चालवणारी कंपनी त्यांच्याकडून कमिशन घेते. आधी विचारा. लॉक, दिवे, मडगार्ड, हेल्मेट त्याच कागदावर चढवून घ्या, त्यांच्यावरही तेवढीच बचत होते. आणि स्लाउच्या दादा, ऑनलाइन एखाद्या माणसाकडून घेतलेली जुनी सायकल यात बसत नाही.

किंग्स्टनहून

स्लाउच्या दादांसाठी एक पुरवणी, कारण बाकीचे सभासदही जुनी घेतील. पोलादाला ठराविक मर्यादेखाली कितीही वेळा ताण दिला तरी चालतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, प्रत्येक ताण कुठेतरी जमा होतो. चांगल्या फ्रेममध्ये एवढी जागा ठेवलेली असते की ती वर्षानुवर्षं टिकते, पण जुनी घेताना फ्रेम पुसून उन्हात बघा. हँडलखालची नळी जिथे जोडली आहे तिथे, पेडलच्या बैठकीभोवती आणि मागच्या चाकाच्या खोबणीपाशी. रंगात केसासारखी रेघ किंवा सुरकुती दिसली तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. सीटचा दांडा वर-खाली सरकवून बघा. मिठाच्या रस्त्यांवर हिवाळे काढलेल्या सायकलीत तो गंजून चिकटलेला असतो, विशेषतः दांडा कार्बनचा असेल तर. मग तो काढताना फ्रेमच जाते.

हॅरोच्या ताईंना: पैसे उरले तर फ्रेम बदलू नका, टायर बदला. कंपनीने दिलेले टायर जड आणि टणक असतात. चांगले २८ किंवा ३० मिलिमीटरचे टायर घाला, तुमच्या वजनाला ६० पीएसआयपेक्षा कमी हवासुद्धा पुरेल. आतल्या साध्या रबरी ट्यूब काढून टीपीयू या हलक्या प्लास्टिकच्या घातल्या तर दोन्ही चाकं मिळून १०० ग्रॅमहून जास्त वाचतात, आणि ते फिरत्या भागातून.

हॅरोहून

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या माहितीची अपेक्षा नव्हती.

ठरलं ते असं. नवीच घेणार, डिस्क ब्रेकची, योजनेतून. माझ्या ऑफिसच्या योजनेत ७ टक्क्यांचा पर्याय आहे, आज विचारून घेतलं. अ‍ॅले आणि डोमाने दोन्ही लहान मापात चालवून बघायच्या आहेत, स्टॅक आणि रीचचे आकडे कागदावर उतरवून घेतले आहेत. अ‍ॅलेच्या लहान मापात क्रँक किती लांबीचा येतो ते दुकानाला फोन करून विचारलं. त्यांना माहीत नव्हतं, बघून कळवतो म्हणाले. कळवलं तरच जाणार.

काका, रविवारी किंग्स्टनच्या बाजूला असाल तर फ्रेम बघायला बरोबर याल का? आणि क्रॉयडनच्या ताई, दुकानाने दिलेला कोट ऑफिसला पाठवल्यावर मंजुरीला साधारण किती दिवस लागतात? तोपर्यंत सायकल दुकानात राखून ठेवायला सांगावी लागेल.