डोळे तपासायला जाताना कॉन्टॅक्ट लेन्स घालून जावे की काढून?

प्रश्न

मी चार वर्षांपासून महिनाभर चालणाऱ्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ६ आहे. पुढच्या आठवड्यात वार्षिक तपासणी आहे. मागच्या वर्षी "लेन्स घालूनच या" असे सांगितले होते. या वेळी दुसऱ्या ठिकाणी वेळ घेताना "आदल्या दिवसापासून लेन्स लावू नका" असे सांगण्यात आले, त्यामुळे नेमके कोणाचे ऐकावे ते कळेनासे झाले आहे. शिवाय लेन्सच्या खोक्यावर नंबर उणे ५.५० छापलेला आहे, तो चुकून कमी दिला गेला आहे का? डोळे दुखत नाहीत, लाल होत नाहीत, दिसतेही स्वच्छ. अशा वेळी चष्म्याचा नंबर तपासल्यावर लेन्ससाठी वेगळी तपासणी खरोखर लागते का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (ऑप्टोमेट्रिस्ट)

नंबर चुकलेला नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, तर कॉन्टॅक्ट लेन्स थेट पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंच्या पातळ थराच्या आधाराने बसते. उणे नंबराचे भिंग डोळ्याच्या जवळ आले की त्याचा परिणाम वाढतो; त्यामुळे चष्म्यातील उणे ६ हा नंबर लेन्ससाठी उणे ५.६० च्या आसपास येतो आणि त्याला सर्वांत जवळची मिळणारी लेन्स ५.५० ची असते. नंबर ४ पेक्षा कमी असेल तर हा फरक सहसा विचारात घ्यावा लागत नाही.

आपल्याला मिळालेल्या दोन्ही सूचना बरोबर आहेत, कारण त्या तपासणीच्या दोन वेगवेगळ्या भागांसाठी आहेत. लेन्स डोळ्यावर कशी बसते हे पाहायचे असेल तर ती काही तास आधीपासून डोळ्यात असलेली बरी. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, आम्ही पाहतो की पापणी मिटून उघडल्यावर लेन्स किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, सरकते आणि जागेवर परत येते का. अजिबात न हलणारी लेन्स घालणाऱ्याला फार आरामदायक वाटू शकते, पण तिच्याखालचे अश्रू बदलले जात नाहीत, आणि हा दोष "मला काही त्रास नाही" म्हणणाऱ्या व्यक्तीतच अनेकदा सापडतो. याउलट, चष्म्याचा नंबर आणि पारपटलाची वक्रता मोजायची असेल तर लेन्स आधी काढलेली हवी, कारण लेन्समुळे पारपटलाला तात्पुरती सूज येऊ शकते किंवा त्याचा आकार थोडा बदलू शकतो. मऊ लेन्ससाठी बहुधा एक दिवस पुरतो; कडक लेन्स वापरणाऱ्यांना आणि चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया करू इच्छिणाऱ्यांना कित्येक दिवस, कधी काही आठवडेही थांबावे लागते.

आपण फोन करून "या भेटीत लेन्सची बसण तपासणार आहात की नंबर?" एवढेच विचारावे. सोबत लेन्सचे खोके, डबी आणि चष्मा न्यावा. खोक्यावर नंबराशिवाय वक्रता आणि व्यासही छापलेले असतात आणि चष्म्याच्या चिठ्ठीवर यांपैकी काहीच नसते. लेन्सची वेगळी तपासणी का लागते, याचे एक उत्तर त्यातच आहे.

उत्तर २ (पंधरा वर्षे लेन्स वापरणारा)

"त्रास नाही" या वाक्यावर मीही अनेक वर्षे निर्धास्त होतो आणि दोनदा तपासणी टाळली होती. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या डोळ्याचे छायाचित्र पडद्यावर मोठे करून दाखवले, तेव्हा बुबुळाच्या वरच्या कडेवरून केसासारख्या बारीक लाल रेषा आत शिरलेल्या दिसल्या, अगदी रोपाची तंतुमुळे असावीत तशा. पारपटलात मुळात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. तो लेन्समुळे दीर्घकाळ कमी पडला की शरीर तिथे नव्या वाहिन्या धाडू लागते, आणि हे सारे न दुखता घडते.

त्याआधी त्यांनी रोजचे तास विचारले होते आणि मी "आठ-दहा" असे उत्तर दिले होते. खरा आकडा चौदा होता, शिवाय अधूनमधून लेन्स घालूनच झोप लागत असे. छायाचित्र पाहिल्यावर मी खरे सांगितले. मग त्यांनी ऑक्सिजन अधिक जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स दिल्या आणि तास कमी करायला लावले. त्या वाहिन्यांतले रक्त पुढे ओसरले, तरी त्यांच्या फिकट रेषा अजून दिसतात. आपण तिथे खरे तास सांगा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फोन केला, त्या दिवशी नंबर आणि दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) तपासणार आहेत, बाहुली मोठी करणारे थेंबही टाकतील. त्यानंतर लगेच लेन्स लावता येतील का?

उत्तर ३ (नेत्रतज्ज्ञ)

लगेच लावू नका. थेंबांतील औषध आणि ते टिकवणारे परिरक्षक मऊ लेन्समध्ये शोषले जातात. जवळचे धूसर दिसणे आणि उजेड डोळ्यांना खुपणे काही तास टिकते, म्हणून त्या दिवशी चष्म्यावरच राहावे आणि स्वतः वाहन चालवू नये. कधी फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंगही डोळ्यात घालतात. पारपटलावर ओरखडा असेल तर निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकतो. मऊ लेन्सला मात्र या रंगाचा डाग पडतो.

आपला नंबर ६ असल्यामुळे दृष्टिपटलाची ही तपासणी टाळू नये. अशा डोळ्याचा गोल बहुधा लांबट झालेला असतो आणि दृष्टिपटल ताणलेले असते. लेन्सने दिसणे सुधारते, पण हा ताण कमी होत नाही. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे वाटले किंवा काळे ठिपके एकदम वाढले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

लेन्स वापरताना डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स ताबडतोब काढून त्याच दिवशी दाखवा. काढलेली लेन्स फेकू नका आणि डबी न धुता तशीच आणा. जंतुसंसर्ग कशाचा आहे, हे कधीकधी त्या डबीतल्या द्रावणावरूनच कळते.