आई-बाबा मनालीला निघालेत आणि बर्फाचा इशारा आलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची. आई-बाबा गुरुवारी रात्री मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला आणि तिथून टूरच्या बसने मनालीला चाललेत. दोघं सत्तरीच्या घरातले, बाबा इन्सुलिनवर. आणि आता हवामान खातं सांगतंय, मोठा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारी वादळी हवा, येतोय. खाली सलग मुसळधार पाऊस, वर बर्फ. कुल्लूला शनिवारपासून ऑरेंज अलर्ट.

पाऊस आम्हाला नवा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे इथं पोरांनाही पाठ. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, तेही बघितलंय. पण पाणी हळूहळू चढतं, आकडा बघून माणूस आवराआवर करतो. डोंगरातल्या रस्त्याचा आकडा कुठं बघायचा?

टूरवाले म्हणतात, बर्फ बघायलाच तर चाललेत! बाबांनी जन्मात बर्फ पाहिलेला नाही, त्यामुळे ‘जाऊ नका’ म्हणायला जीभ रेटत नाही. मंडी-कुल्लू रस्ता अशा पावसात भरवशाचा असतो का? मनालीच्या पुढचा अटल बोगदा सुरू राहील? थंडीत इन्सुलिन कसं सांभाळायचं? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद :
ताई, मी मूळचा गारगोटीचा, नोकरी चंदीगडला. जाणं रद्द नको, पण विक्षोभ सरेपर्यंत त्यांना चंदीगडलाच थांबवा. मला बर्फापेक्षा पावसाची भीती जास्त. मंडी-कुल्लू वाटेवरचा पंडोह ते औट रस्ता बियास नदीच्या काठानं, कड्याला लागून जातो. दरड आली की मागंही जाता येत नाही नि पुढंही.

बोगदा ९.०२ किलोमीटरचा, पण त्याची तोंडं ३,००० मीटरच्या आसपास. बर्फ पडला की तिथवरचा रस्ताच बंद होतो. मनाली आणि बोगद्याच्या मधल्या सोलंगच्या पुढे मग फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर असलेल्या) नाहीतर चाकांना चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. आणि ऊन पडलं म्हणून लगेच निघायचं नाही. वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं, भल्या सकाळी गाडी घसरते.

तुम्हाला हवा तो ‘आकडा’ म्हणजे शिमला हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा. मंडी आणि कुल्लू दोन्ही बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल असेल तर हलायचंच नाही.

इन्सुलिन एकदा गोठलं की वाया, वितळवून वापरायचं नाही. स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवू दे. आणि हे बजावून सांगा : लाईट गेली तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं नाही. कोळशाच्या विषारी वायूनं माणसं झोपेतच दगावतात.

धागाकर्ती :
दादा, मनापासून आभार. शेगडीचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. बाबांना चंदीगडच्या मुक्कामाला तयार केलंय, टूरवाल्यांशी आज भांडते. सेक्टर ४३ च्या बसस्टँडजवळ जिने चढावे न लागणारी, जेवणाची सोय असलेली स्वच्छ खोली कुठं मिळेल? कुणी राहून आलं असेल तर कृपया कळवा.