कॅमेरा चालू केला की जीपीएस जातं

मंडळी, नमस्कार.

घरी बांधलेल्या क्वाडचं (चार पंख्यांच्या ड्रोनचं) जीपीएस सतावतंय. फ्रेम कार्बन फायबरची. वरच्या प्लेटवर कॅमेऱ्याचा छोटा बोर्ड, त्याची चपटी रिबन केबल, आणि त्याला जवळजवळ चिकटून जीपीएस. कॅमेरा बंद असताना सोळा-सतरा उपग्रह दिसतात. चालू केला की पाच-सहा उरतात, आणि बॅटरी काढून पुन्हा लावली तर फिक्सच, म्हणजे जागेचा ठावच, मिळत नाही. आधी फिक्स घेऊन मग कॅमेरा लावला तर मात्र कसंबसं टिकतं. मोठी अँटेना घेऊ की केबलला फेराइट (गोंगाट शोषणारं चुंबकीय कडं) लावू? जाणकारांनी कृपया सांगावं.

———

> मोठी अँटेना घेऊ की केबलला फेराइट लावू?

अरे, दोन्ही थांबव. आधी मोज.

जीपीएसचा एल-वन सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर वर, त्यामुळे जमिनीवर पोचेपर्यंत उरतात साधारण उणे १३० डीबीएम. म्हणजे एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग करायचे आणि त्यातला एक घ्यायचा. दोन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला नुसता उष्णतेचा नॉइज धरला तरी सिग्नल त्याच्या शंभरावा हिस्सा भरतो. रिसीव्हरला कोड माहीत असतो म्हणून तो त्यातून सिग्नल वेचून काढतो. अशा सिग्नलच्या बोटभर अंतरावर तू कॅमेरा बसवला आहेस. मोठी अँटेना सिग्नलबरोबर त्याचाही गोंगाट उचलेल.

उपग्रहांच्या संख्येवर जाऊ नकोस, प्रत्येक उपग्रहाचा सी/एन-झीरो बघ, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती ते, डेसिबलमध्ये. यू-ब्लॉक्स कंपनीचं मॉड्यूल असेल तर त्यांच्या यू-सेंटर या सॉफ्टवेअरमध्ये दांड्यांच्या आलेखात दिसतो. मोकळ्या आकाशाखाली, डोक्यावरच्या उपग्रहांना चाळीसच्या वर आकडा हवा. तिशीच्या खाली गेला की गाडी अडते. तू म्हणतोस ना, आधीचं फिक्स टिकतं पण नवीन मिळत नाही, त्याचं कारण इथेच आहे. धरलेला सिग्नल धरून ठेवायला कमी ताकद पुरते. नव्याने सुरुवात करताना मात्र उपग्रह आधी शोधावा लागतो आणि मग त्याच्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट या गतीने बिनचूक वाचावी लागते. ही माहिती १८ सेकंदांची, दर ३० सेकंदांनी पुन्हा येणारी. मध्ये बिट चुकले की पुढच्या फेरीची वाट बघणं आलं.

आता असं कर. पंखे काढ, क्वाड उघड्यावर ठेव, जीपीएस सोडून सगळं बंद कर. वरच्या चार उपग्रहांचे आकडे लिहून घे. मग एकेक वस्तू चालू करत जा: कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर, टेलिमेट्री (ड्रोनची माहिती खाली पाठवणारा रेडिओ). आकडा कशाने पडतो ते लगेच कळेल. ज्याने पडेल ते चालूच ठेवून जीपीएसची डबी हातात घे आणि केबल पुरेल तितकी हळूहळू वर उचल. दांड्या चढताना दिसतील. जिथे चढायच्या थांबतील तेवढ्या उंचीच्या खांबावर जीपीएस बसव. अंतर दुप्पट केलं की निदान सहा डेसिबल पदरात पडतात, अगदी जवळ असताना त्याहून जास्त. यासारखा स्वस्त उपाय नाही.

क्लिप-ऑन फेराइटचं म्हणशील तर ते बहुतेक काहीशे मेगाहर्ट्झपर्यंतच नीट काम करतात. दीड गिगाहर्ट्झवर फार आशा ठेवू नकोस. १.२-१.३ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ ट्रान्समीटर असेल तर तो सरळ बदल, जीपीएसच्या फारच जवळचा शेजारी आहे तो. आणि अँटेना कार्बनच्या प्लेटखाली कधीही नको, कार्बन फायबर वीज वाहतं आणि सिग्नल अडवतं.

———

काका, खांबाला माझा पूर्ण पाठिंबा. पण रिबनलाही सोडू नका, गोंगाट जिथे जन्मतो तिथेच अडवायला हवा. रिबन शक्य तितकी आखूड घ्यायची, आधी कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी), त्यावर तांब्याची टेप, आणि ती टेप बोर्डच्या ग्राउंडला सोल्डर करायची. नुसती गुंडाळून अधांतरी सोडलेली टेप स्वतःच अँटेना होऊ शकते. बऱ्याच टेपांचा डिंक वीज वाहत नाही, तेव्हा जोडांवरही सोल्डरचा एकेक थेंब हवा.

दुसरं म्हणजे, त्याच डबीत होकायंत्र असतं आणि त्याचा त्रास वेगळा. एकट्या तारेतून ३० अँपिअर गेले तर दहा सेंटीमीटरवर ६० मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५. मग थ्रॉटल दिला की उत्तर दिशाच सरकते आणि एका जागी थांबायला सांगितलेला ड्रोन मोठमोठ्या घिरट्या घालायला लागतो. तांब्याची टेप इथे काहीही करत नाही. बॅटरीच्या लाल-काळ्या तारांना घट्ट पीळ द्यायचा, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकींना मारतात. खांबाला लोखंडी स्क्रू नकोत, नायलॉनचे किंवा पितळेचे वापर.

खांब हवा तेवढा उंच करू नकोस मात्र. होकायंत्र बहुधा आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर असतं आणि ती जोडणी लांब केबलसाठी नाही. केबल वाढवून होकायंत्र मध्येच गायब व्हायला लागलं तर दोष तिथे शोध.

———

काका, ताई, मनापासून आभार.

कॅमेराच निघाला. बंद असताना वरचे चार उपग्रह ४३-४५, चालू केल्यावर २६-२८. व्हिडिओ ट्रान्समीटरने (५.८ गिगाहर्ट्झचा आहे) एखादाच कमी होतो. डबी हाताने उचलली तर बारा सेंटीमीटरवर ३८ आणि पुढे फारसा फरक नाही. तेवढ्या उंचीचा खांब बसवला, रिबन ताईंनी सांगितली तशी गुंडाळून ग्राउंड केली, आता कॅमेरा चालू असताना ४१-४२ मिळतात. थंड सुरुवातीलाही मिनिटाच्या आत फिक्स येतं.

खांब प्लॅस्टिकचा आहे, जोरात वळताना थरथरतो. त्याऐवजी कार्बनची नळी चालेल का?

———

चालेल. नळी अँटेनाच्या खाली राहते, आकाश अडवत नाही. फक्त टोक डबीच्या वर येऊ देऊ नकोस. खांब बदलल्यावर होकायंत्राचं कॅलिब्रेशन नव्याने कर आणि पंखे लावण्याआधी ते चार आकडे पुन्हा एकदा बघून घे.